दहा बोटं, १०२४ कप्पे

समजा, साल १८६० आहे आणि आपल्या लोहारदा गावात रात्री कुणाच्या तरी घरातून पितळेचा हंडा चोरीला गेला आहे. सकाळी काय होईल? आधी भरपूर आरडाओरडा. मग कोटवाराला बोलावणं. मग कुणीतरी जाणता माणूस अंगणातल्या धुळीवर वाकून बसेल आणि सगळ्यांना दटावेल, ‘मागे व्हा, ठसे पुसू नका!’ टाच खोल रुतली आहे, म्हणजे हा ओझं घेऊन गेला. डाव्या पायाची करंगळी टेकलेलीच नाही. चांगल्या ठशावर टोपली पालथी घालायची, म्हणजे कोंबड्या तुडवणार नाहीत. मग निघायचं माग काढत, थेट गावाच्या शिवेपर्यंत.

माग काढणं ही तेव्हा मोठी विद्या होती. गुजरातेत हे काम करणाऱ्याला पागी म्हणत. महाराष्ट्रात रामोशी आणि जागले हे काम करत. माग शिव ओलांडून पुढच्या गावात गेला, की तो पुढे नेण्याची जबाबदारी त्या गावाची. नाही जमलं, तर भरपाई त्या गावाच्या डोक्यावर. त्यामुळे प्रत्येक गाव जीव तोडून सिद्ध करायला बघे की चोर इथे थांबलाच नाही, पुढे गेला!

आपल्या देवासचं तर विचारूच नका. तिथे एकाच शहरात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्हीकडे पवार राजे. रस्त्याची एक बाजू एका राजाची, दुसरी बाजू दुसऱ्याची, असाही प्रकार होता. देवासचा चोर किती सुखी असेल, असं मला नेहमी वाटतं. चार पावलं टाकली की परदेश!

तरीही गावात चोराची खरी अडचण माग काढणारा नव्हता. खरी अडचण ही, की गाव त्याला ओळखत होतं. चाल, खोकला, आवाज, आजोबांचं नाव, सगळं सगळ्यांना पाठ. तोंडावर फडकं बांधून काही उपयोग नव्हता.

मग ७ मार्च १८७० हा दिवस आला. त्या दिवशी मुंबईपासून कलकत्त्यापर्यंतचा लोहमार्ग जोडला गेल्याचा समारंभ झाला. लोहारद्याच्या माणसाने आता नेमावरला नावेत बसून नर्मदा ओलांडावी, हरद्याच्या स्टेशनवर जावं आणि तिकीट काढावं. एकीकडे गेलं की मुंबई, दुसरीकडे गेलं की कलकत्ता. दोन्ही इंग्रजांची बंदरं, दोन्हीकडे समुद्रापार जाणारी जहाजं, आणि दोन्ही ठिकाणी आपल्याला ओळखणारं एकही माणूस नाही. हंडा चोरणाऱ्याला आणखी काय हवं?

मुंबईत १९०१ साली शिरगणती झाली, तेव्हा शहरातल्या दर चार माणसांपैकी जेमतेम एकाचा जन्म मुंबईत झालेला होता. बाकीचे तीन रत्नागिरी, सातारा, कच्छ, काठेवाड, बनारस, एडन, कुठून कुठून आलेले. अशा गर्दीत ‘तू कोण?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर तपासणार कसं? आज गोविंद, उद्या गणपत, परवा गुलाम हुसेन. नावावर काही कुलूप नसतं.

आणि चोरण्यासारखं तिथे किती होतं! कापसाचे गठ्ठे, रेशीम, आणि आपल्या माळव्यातून जाणाऱ्या अफूच्या पेट्याही. जहाजांवरचा माल होडीतून पळवणाऱ्या टोळ्या होत्या. मुंबई पोलिसांच्या इतिहासात त्यांना ‘बंदर गँग’ म्हटलं आहे. सिनेमातलं नाव वाटतं ना? पण ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातली.

शहराची राखण करणारे तरी कोण होते? अगदी सुरुवातीला, सतराव्या शतकात, गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने इथल्या भंडाऱ्यांची पथकं उभारली होती. १७७९ मध्ये ‘लेफ्टनंट ऑफ पोलीस’ असं पद निर्माण झालं आणि त्यावर जेम्स टॉड नावाचा साहेब बसला. अकरा वर्षांनी, १७९० मध्ये, लाच खाल्ल्याबद्दल या साहेबावरच खटला चालला. चोर पकडायला नेमलेला माणूसच आरोपीच्या पिंजऱ्यात!

१८५५ मध्ये मात्र एक अजब माणूस आला, चार्ल्स फोर्जेट. हा भारतातच वाढलेला होता. इथल्या भाषा तो इथल्या माणसासारख्या बोले आणि वेष बदलून शहरात फिरे. बाजारात तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस मुंबईच्या पोलिसांचा प्रमुख असू शकतो, या कल्पनेनेच लोकांना घाम फुटे. १८५७ मध्ये सोनापुरात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी काही शिपाई गुपचूप जमत आणि इंग्रजांविरुद्ध उठावाचा बेत करत. फोर्जेट शेजारच्या भिंतीला भोकं पाडून त्यांचं बोलणं ऐकत बसला. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मंगल गाडिया आणि सय्यद हुसेन या दोघांना मैदानात, सगळ्यांसमोर, तोफेच्या तोंडी देण्यात आलं. ते मैदान आज आझाद मैदान म्हणून ओळखलं जातं. फोर्जेटच्या सरकारी कागदांत ते दोघे गुन्हेगार आहेत आणि आपण त्यांना हुतात्मे मानतो. फोर्जेट हुशार होता यात शंका नाही, पण त्याचं कौतुक करताना माझा हात अडखळतो, तो इथे.

फोर्जेटच्या हुशारीतून एक गोष्ट मात्र लख्ख दिसते. पगडी आणि बोली बदलून जर पोलीसप्रमुख ओळखू येत नसेल, तर चोर तरी कशाला येईल? पुढे मुंबईच्या शिपायाचा निळा गणवेश आणि पिवळी टोपी इतकी प्रसिद्ध झाली, की शिपाई लांबूनच ओळखू येई. चोराला असा गणवेश कोण घालणार?

म्हणजे हवी होती अशी खूण, जी बदलता येत नाही, विकता येत नाही, घरी विसरता येत नाही.

फ्रान्समध्ये आल्फोन्स बर्तिलाँ नावाच्या पोलीस कारकुनाने मापांचा मार्ग काढला. डोक्याची लांबी, रुंदी, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, पावलाची लांबी अशी अकरा मापं घ्यायची. सगळी मापं जुळणारी दोन माणसं सापडणं अवघड. बंगालमध्येही ही पद्धत वापरून पाहिली. पण मापं घेणारा एक शिपाई पट्टी आवळून धरायचा, दुसरा सैल. माणूस एकच आणि मापं दोन! शिवाय पंधरा वर्षांचा मुलगा वीस वर्षांचा झाला, की मापं गेली वाया.

उत्तर त्या वेळी बंगालमध्येच पडून होतं, तेही जवळजवळ चाळीस वर्षं. १८५८ मध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी केला. उद्या हा ‘सही माझी नाही’ म्हणेल, अशी हर्शेलला धास्ती. म्हणून त्याने सहीबरोबर कोनाईच्या अख्ख्या पंजाला शाई लावून कागदावर छाप घेतला. हेतू एवढाच, की माणसाला जरा दरारा वाटावा. मग त्याला नादच लागला. मेलेल्या माणसाच्या नावाने भलताच कुणी पेन्शन घेऊन जाऊ नये म्हणून तो पेन्शनरांचे ठसे घेऊ लागला. स्वतःच्या हाताचे ठसेही त्याने वर्षानुवर्षं जपले. केस पिकले, पण बोटांवरच्या रेघा होत्या तशाच राहिल्या.

रेघा बदलत का नाहीत? आता जरा पोटात डोकावू या. आईच्या पोटात बाळ साधारण दहा-अकरा आठवड्यांचं झालं, की त्याच्या बोटांच्या टोकांवर या रेघांची तयारी सुरू होते, आणि पाच महिन्यांच्या आत नक्षी पक्की होते. रेघा कातडीच्या वरच्या पापुद्र्यावर कोरलेल्या नसतात. त्यांचा साचा खालच्या थरात असतो, जिथे नवी कातडी तयार होते. म्हणून बोट थोडं खरचटलं, भाजलं, वरचं कातडं गेलं, तरी नवं कातडं पुन्हा तीच नक्षी घेऊन येतं. जखम खोल, अगदी साच्यापर्यंत गेली, तरच व्रण राहतो. आणि तो व्रण ही आणखी एक खूण होते! बोटं जाळून ठसे पुसायला निघालेले चोर या बाबतीत भलतेच दुर्दैवी ठरले आहेत.

नक्षी नेमकी कशी उमटते, याचं एक छान उत्तर अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, एडिंबरा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. बोटाच्या टोकावर तीन जागांहून रेघांच्या लाटा निघतात. एक लाट बोटाच्या मधल्या फुगीर भागातून, एक नखाच्या बाजूने आणि एक खालच्या पेराच्या घडीपासून. तळ्यात तीन खडे टाकले की तरंग एकमेकांना जाऊन भिडतात, तशा या लाटा भिडतात. कुठली लाट आधी निघाली, बोट किती फुगीर होतं, यावर शेवटची नक्षी ठरते. एकसारख्या जुळ्या भावांची जनुकं सारखी असली, तरी पोटातल्या या लहानसहान गोष्टी तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून आईला जुळे ओळखू आले नाहीत, तरी ठशांवरून ते ओळखता येतात.

गंमत म्हणजे कोआलालाही बोटांचे ठसे असतात आणि ते माणसाच्या ठशांसारखे दिसतात. ऑस्ट्रेलियातल्या पोलिसांनी जरा सांभाळूनच असावं.

तर ठसे म्हणजे उत्तम खूण. मग अडलं कुठे? अडलं कपाटात!

असं बघा. कलकत्त्याच्या पोलीस कचेरीत हजारो कैद्यांच्या ठशांचे कागद जमले आहेत. आज एक चोर पकडला. तो म्हणतो, ‘माझं नाव हरी, मी आयुष्यात कधी तुरुंग पाहिला नाही.’ तो खरं बोलतो का? तपासायचं, तर त्याचे ठसे प्रत्येक कागदाशी ताडून पाहावे लागतील. तेव्हा संगणक नव्हता. भिंग घेऊन बसलेला कारकून कागद संपेपर्यंत म्हातारा झाला असता. नावावरून कागद लावले असते, पण नावच तर खोटं आहे. म्हणजे ठशावरूनच ठशाची जागा ठरायला हवी.

हे कोडं सोडवलं दोन भारतीयांनी. एडवर्ड हेन्री हा बंगालच्या पोलिसांचा मोठा साहेब. त्याच्या हाताखाली काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस काम करत. हक गणितात तरबेज होते. त्यांनी काय केलं, ते तुम्ही आत्ता, या पानावर बोट ठेवून करू शकता.

आधी आपली बोटं उजेडात धरा. काही बोटांवर रेघा गोल गोल फिरलेल्या दिसतील. त्याला आजी ‘चक्र’ म्हणते. काहींवर रेघा एका बाजूने आत येऊन वळून त्याच बाजूने बाहेर जातात, तो ‘शंख’. क्वचित एखाद्या बोटावर नुसती कमान असते. आजी चक्रं मोजून भविष्य सांगते. आपण त्यांच्यावरून पत्ता काढू.

बोटांना क्रमांक द्या. उजवा अंगठा १, मग ओळीने उजव्या करंगळीपर्यंत ५. डावा अंगठा ६ आणि डावी करंगळी १०. आता जोड्यांना किंमत द्या. पहिल्या दोन बोटांची किंमत प्रत्येकी १६. तिसऱ्या-चौथ्याची ८, पाचव्या-सहाव्याची ४, सातव्या-आठव्याची २, नवव्या-दहाव्याची १. ही किंमत चक्र असेल तरच मिळते. शंख किंवा कमान असेल, तर शून्य.

सम क्रमांकांच्या बोटांची बेरीज वर लिहा, विषम क्रमांकांची खाली. दोन्हींत १ मिळवा. तयार झाला अपूर्णांक!

समजा, माझ्या उजव्या अंगठ्यावर (१), उजव्या अनामिकेवर (४) आणि डाव्या तर्जनीवर (७) चक्र आहे. सम बोटांत फक्त चौथं, म्हणजे ८, अधिक १, झाले ९. विषम बोटांत पहिलं आणि सातवं, म्हणजे १६ आणि २, झाले १८, अधिक १, झाले १९. माझा पत्ता ९/१९. एकही चक्र नसेल, तर १/१. दहाही बोटांवर असेल, तर ३२/३२.

वर ३२ शक्यता, खाली ३२ शक्यता. बत्तीस गुणिले बत्तीस, १०२४. म्हणून ३२ आडव्या आणि ३२ उभ्या रांगांचं कपाट केलं, कप्पे १०२४. हरीचे ठसे घ्या, अपूर्णांक काढा आणि थेट त्या कप्प्यापाशी जाऊन उभे राहा. कप्प्यात हरीचा जुना कागद निघाला, की त्यावर त्याचं तेव्हाचं नाव आणि मागचा तुरुंगवास, दोन्ही सापडतात. १६, ८, ४, २, १ हे आकडे संगणक शिकणाऱ्या ताई-दादांना दाखवा. ते लगेच हसतील, कारण संगणकही हो-नाही, हो-नाही करत याच रीतीने मोजतो. आणि ही युक्ती शोधली गेली, तेव्हा गावोगावी विजेचा दिवासुद्धा पोचलेला नव्हता!

१/१ च्या कप्प्यात मात्र फार गर्दी व्हायची, म्हणून पुढे पोटकप्पे करावे लागले. बोसांनी तर ठशांची माहिती तारेने दूरच्या शहरात कळवता यावी, अशी सांकेतिक लिपीही तयार केली.

१८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची स्वतंत्र कचेरी सुरू झाली. जगातली अशी पहिली कचेरी म्हणून ती ओळखली जाते. १९०१ मध्ये हीच पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डने उचलली. पण नाव काय पडलं? ‘हेन्री पद्धत’! हक आणि बोस यांना पुढे पदव्या आणि बक्षिसाची रक्कम मिळाली, पण पद्धतीवरचं साहेबाचं नाव काही निघालं नाही. माझं मत विचाराल, तर तिला ‘हक-बोस पद्धत’च म्हणावं. तुम्ही शाळेत तसंच लिहा, बाई काय म्हणतात ते बघू.

आता एक खरी केस. त्याच सुमाराची. बंगालच्या उत्तरेला जलपायगुडी जिल्ह्यात चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि त्याची तिजोरी फोडली गेली. संशय पुष्कळांवर होता. त्यात स्वयंपाकी होता, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. तो म्हणाला, ‘साहेबांच्या जेवणासाठी कबुतर मारलं, त्याचं रक्त आहे.’ बनवाबनवी? हे ओळखायला विज्ञानाची मदत होते. माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात आणि त्यांच्यात केंद्रक नसतं. पक्ष्यांच्या पेशी लांबट आणि केंद्रकासकट असतात. म्हणून दोन्ही रक्तांतला फरक सूक्ष्मदर्शकाखाली कळतो.

मग व्यवस्थापकाच्या पेटीत एक बंगाली पंचांग सापडलं. त्यावर रक्ताचा तपकिरी डाग होता आणि त्यात अंगठ्याच्या रेघा. तो कागद कलकत्त्याला गेला. तिथल्या संग्रहात एका जुन्या कैद्याचा उजवा अंगठा त्याच्याशी जुळला. त्याचं नाव कांगाली चरण. तो पूर्वी त्याच व्यवस्थापकाकडे नोकर होता आणि चोरीबद्दल शिक्षा भोगून आलेला होता. तो शेकडो मैलांवर सापडला.

न्यायालयाने काय केलं, ते मला फार आवडतं. चोरीबद्दल शिक्षा दिली, पण खुनाबद्दल नाही. का? अंगठा एवढंच सांगतो, की या माणसाने रक्ताच्या हाताने ही वस्तू हाताळली. वार कुणी केला, हे अंगठ्याला सांगता येत नाही आणि करताना कुणी पाहिलेलं नव्हतं. नव्या विज्ञानाने सगळे भारावून गेले असताना न्यायाधीशांनी डोकं थंड ठेवलं.

सगळीकडे असं डोकं थंड राहिलं नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये एक कायदा केला आणि काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. १९११ च्या कायद्यात तर नोंद झालेल्या माणसाचे ठसे केव्हाही घेण्याचा हुकूम काढता येत असे. त्याने काही केलेलं असो वा नसो. पारधी, कंजर, कैकाडी अशा कितीतरी लोकांना हे भोगावं लागलं. गंमत बघा, ज्या ठशाचा सगळा मोठेपणा ‘प्रत्येक माणूस वेगळा’ यात आहे, तोच ठसा सगळ्या जमातीला एकाच कप्प्यात कोंबायला वापरला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला.

तज्ज्ञही चुकतात बरं का. २००४ मध्ये स्पेनमधल्या माद्रिद शहरात रेल्वेत बॉम्बस्फोट झाले. तिथे सापडलेला एक अर्धवट ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा आहे, असं अमेरिकेच्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी सांगितलं आणि त्याला धरलं. तो ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला! दोन माणसांचे पूर्ण ठसे सारखे असणं निराळं, आणि पुसट, अर्धा ठसा पाहून भलताच माणूस वाटणं निराळं.

आता पेन्सिल घ्या. कागदावर काळीकुट्ट घासा, त्यावर बोट फिरवा, बोटावर चिकटपट्टी लावून हळूच काढा आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. दहाही बोटांचे ठसे घ्या आणि प्रत्येकाखाली क्रमांक लिहा. डावं-उजवं उलटलं, तर पत्ताच बदलेल. मग आजीचे घ्या. जन्मभर शेतात आणि चुलीपाशी राबलेल्या बोटांचे ठसे पुसट येतील. रेशनच्या दुकानातलं यंत्र म्हाताऱ्या माणसांचा अंगठा तीन-तीनदा नाकारतं, ते याचमुळे. वरच्या रेघा झिजलेल्या असतात आणि यंत्राला त्या दिसत नाहीत. बोटाला थोडं तेल किंवा मलम चोळून ठेवून, दुसऱ्या दिवशी बोट पुसून पुन्हा प्रयत्न करा. बऱ्याचदा चक्र की शंख, एवढं तरी कळतंच, आणि अपूर्णांक काढायला तेवढं पुरतं.